एकोणीसच्या एकोणीस यिशुनला

शाळा हलवायची म्हणजे बाकं उचलायची, ट्रकात टाकायची आणि दुसरीकडं उतरवायची, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा बाबाजीला भेटावं. बाबाजीला विचारलंत तर तो म्हणेल, बाकं हलतात हो. बाकांना काय, पाय चार पण अक्कल नाही. माणूस हलवून दाखवा.

हा बाबाजी मूळचा दाभोळचा. शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथीत दोनदा बसलेला. सोळाव्या वर्षी बोटीवर गेला तो तेहतीस वर्षं पाण्यावरच होता. शेवटची बारा वर्षं सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. मग एकदा दोर ओढताना कंबर धरली ती सुटेचना. कंपनीनं सिंगापूरच्या बंदरात उतरवला, औषधपाणी केलं आणि हातात हिशेब ठेवला. कोणीतरी सांगितलं, क्लेमेंटीला आपल्या हिंदी लोकांच्या पोरांची शाळा आहे, त्यांना केअरटेकर पाहिजे. बाबाजी गेला आणि तिथंच राहिला. नऊ वर्षं झाली. किल्ल्या त्याच्या, नळ त्याचे, घंटा त्याची, आणि मागच्या जिन्याखालची खोलीही त्याचीच.

शाळा चालायची भाड्याच्या जुन्या दुमजली इमारतीत. पोरं दरवर्षी वाढत होती, कारण पुण्या-मुंबईकडचे कॉम्प्युटरवाले इंजिनियर विमानं भरभरून येत होते. जागा पुरेना म्हणून शाळा दोन पाळ्यांत. सकाळी मोठी पोरं, दुपारी लहान. सकाळचे शिक्षक नऊ, दुपारचे नऊ. आणि सगळ्यांच्या वर मुख्याध्यापिका विनीताबाई.

आता गंमत बघा. टीचर्स रूममध्ये टेबलं नऊच. म्हणजे एका टेबलाला दोन मालक, वरचा ड्रॉवर सकाळचा, खालचा दुपारचा. सकाळचे साडेबाराला जायचे, दुपारचे एकला यायचे. नऊ-नऊ वर्षं एका टेबलावर बसलेली माणसं, पण एकमेकांशी बोलायची ती चिठ्ठीतून. तीन नंबरच्या टेबलावर सकाळी फिजिक्सचे श्रीनिवास सर आणि दुपारी पहिलीच्या स्मिताबाई. सर लिहून ठेवायचे, ‘कृपया डस्टर झटकून ठेवावा.’ बाई खाली लिहायच्या, ‘डस्टर सकाळीच मळतो.’ दुसऱ्या दिवशी सरांची चिठ्ठी, ‘टेबलावर शेंगदाण्याचं कूट सांडलेलं आढळलं.’ त्यावर बाई, ‘मोजून ठेवा, संध्याकाळी घेऊन जाईन.’

या चिठ्ठ्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून बाबाजी त्यांच्यावर खडूचा डबा ठेवायचा. मराठीतल्या तेवढ्या वाचायचासुद्धा. दुपारच्या चहाला दुसरी करमणूक काय होती त्याला?

शहाण्णव सालच्या जानेवारीत शाळेच्या कमिटीची मीटिंग भरली. कमिटीचे चेअरमन शैलेंद्र साहेब, रॅफल्स प्लेसच्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलणं कायम घड्याळाकडं बघत. ते म्हणाले, “गुड न्यूज आहे. यिशुनला, पार उत्तरेकडं, बिल्डिंग मिळाली. पाच मजले, लिफ्ट, मोठा हॉल. एक एप्रिलला नवं वर्ष तिथंच सुरू करू. दोन पाळ्या बंद, सगळी शाळा एकाच वेळी.”

“आणि शिक्षक?” कोणीतरी विचारलं.

“यिशुन लांब आहे. काही येतील, काही सोडतील. नवीन मागवू की. इंडियातून अर्जांचा ढीग येतो.”

बाबाजी तेव्हा चहा देत होता. त्यानं पाहिलं, विनीताबाईंनी पेन खाली ठेवलं. ही बाई बारीक अंगाची, पुण्याची, आवाज कधी चढायचा नाही. पण पेन खाली ठेवलं की समजायचं.

“साहेब, सोडून गेलेल्या शिक्षकाचा इथला कामाचा पास रद्द होतो. त्याला महिन्यात घर गुंडाळून जावं लागतं,” बाई म्हणाल्या. “माझी एकोणीस माणसं आहेत. एक तारखेला एकोणीसच्या एकोणीस यिशुनला उभी असतील. एक जरी कमी भरलं, तर माझा राजीनामा घ्या.”

“एकोणीस? शिक्षक अठरा आहेत ना?”

“अठरा शिक्षक आणि बाबाजी.”

ट्रेमधले कप असे वाजले, की शैलेंद्र साहेबांनी घड्याळावरची नजर काढून वर बघितलं.

मीटिंग उठल्यावर बाबाजीनं बाईंना गाठलं. “बाई, पैज लावा, खुशाल लावा. पण मला कशाला धरलंत त्यात?”

“का? तुम्ही माणूस नाही?”

“गुडघे गेलेत माझे. पाच मजले म्हणता.”

“लिफ्ट आहे.”

“लिफ्टचा काय भरवसा?”

बाई हसल्या आणि गेल्या. बाबाजी तिथंच उभा राहिला, कारण गुडघ्यांची गोष्ट सगळी खोटी होती. खरी भानगड वेगळीच. मागच्याच आठवड्यात साहेबांबरोबर तो ती इमारत बघून आला होता. तळमजल्यावर भिंतीत एक पत्र्याचं कपाट. आत दिवेच दिवे, बटणंच बटणं, आणि सगळीकडं इंग्रजी. फायर अलार्मचं पॅनेल. तिथला अलार्मच्या कंपनीचा माणूस सिंगापुरी ठेक्यात म्हणाला, “अंकल, बिल्डिंग सांभाळणाऱ्याला हे आलंच पाहिजे लाह. मी येऊन टेस्ट घेणार.” बाबाजीला आकडे येत होते. बोटींची नावं आकारावरून ओळखायचा. पण इंग्रजी वाचणं? बोटीवर आणि शाळेतही त्यानं ते आजवर खुबीनं चुकवलं होतं. चष्मा विसरलोय म्हणायचं, दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. आता साठीजवळ आल्यावर चारचौघांत आपली फटफजिती करून घ्यायची? त्यापेक्षा दाभोळ बरं. मार्चअखेर निरोप घ्यायचा, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. मग बाईंच्या राजीनाम्याचं काय? त्याचा विचार आला की तो नळ दुरुस्त करायला घ्यायचा.

इकडं बाईंनी पहिल्याच पावलाला ठेच खाल्ली. नव्या शाळेत कोणाला कुठला वर्ग, याची यादी त्यांनी स्वतः टाइप केली आणि बोर्डावर लावली. समोर सकाळचं मस्टर उघडं होतं, म्हणून सकाळची नऊ नावं आधी उतरवली, मग दुपारची नऊ. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण आपल्या लोकांत मस्टरावरचं नाव म्हणजे काय साधी गोष्ट आहे? वर कोण, खाली कोण, त्यावर सगळी इज्जत. अकरा वर्षं नोकरी झालेल्या स्मिताबाई दहा नंबरवर, आणि मागच्या जूनमध्ये सकाळच्या पाळीत लागलेली चैत्राली नावाची पोरगी नवावर!

स्मिताबाईंनी यादी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली. “असं होय,” एवढंच म्हणाल्या. दोन वाजेपर्यंत दुपारच्या नऊच्या नऊ जणांच्या सह्यांचं पत्र बाईंच्या टेबलावर. आम्ही यिशुनला येणार नाही.

बाबाजीनं ते पत्र नेऊन दिलं आणि वर बोललासुद्धा, “बाई, बोट धक्क्याला बांधलेली असतानाच भोक पाडलंत.”

दुसरं कोणी असतं तर बाबाजीवर डाफरलं असतं. विनीताबाई उठल्या, सरळ टीचर्स रूममध्ये गेल्या आणि उभ्यानंच म्हणाल्या, “चूक माझी आहे. समोर जे मस्टर होतं त्यावरून नावं उतरवली, विचार केला नाही. यादी काढली आहे. माफ करा.” सगळ्यांनी मानेनं ठीक म्हटलं. पत्र मात्र कोणी मागं घेतलं नाही. शब्दानं गेलेली इज्जत शब्दानं परत येत नसते, हे बाईंनाही कळत होतं.

संध्याकाळी पोरं गेल्यावर त्या बाबाजीच्या जिन्याखाली आल्या. पायरीवर बसल्या. बाबाजीनं चहा दिला, साखर जास्त घालून.

“बोटीवर कसं करतात हो? नवीन माणसं, जुनी माणसं, नवी बोट. भांडत नाहीत?”

“भांडतात की. मारामाऱ्या होतात.” बाबाजीला बोटीवरचं विचारलं की कंबर आपोआप सरळ व्हायची. “पण दोन गोष्टी असतात. एक म्हणजे, काळोखात ब्रिजवर, म्हणजे वरच्या सुकाणूच्या खोलीत, नजर ठेवायला माणूस असतो. त्याची पाळी संपली की दुसरा येतो. तो येतो उजेडातून, त्याला पहिली दहा-पंधरा मिनिटं काय पण दिसत नाही. मग जुना निघून जातो का? नाही जात. शेजारीच उभा राहतो. नवा म्हणाला ‘दिसायला लागलं’, की मगच खाली जायचं. त्याच्या आधी हलायचं नाही, कॅप्टन ओरडला तरी.”

बाईंनी पर्समधून कागद काढला. “आणि दुसरी?”

“लाइफबोटीची यादी. बोट बुडायला लागली तर कोणी काय करायचं, ते लिहून लावलेलं असतं. त्यात मोठा साहेब वर, खलाशी खाली असं नसतं. आधी काम. पाण्याचं पिंप, घोंगड्या, दोर सोडणं. कामापुढं नाव. बुडताना कोण सीनियर ते विचारत बसलात तर मासे खातात.”

बाई लिहीत होत्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, “आणि तुमच्या शेजारी कोण उभं राहणार, बाबाजी?”

“मला काळोखात दिसतं,” बाबाजी म्हणाला आणि कप विसळायला गेला.

त्यानंतर या बाईनं काय केलं ते ऐका. कोणी तक्रार करायच्या आधीच तिनं तक्रारी शोधून काढल्या. पहाटे उठून एकेका शिक्षकाच्या घराखाली जाऊन उभी राहायची, हातात घड्याळ, आणि तिथून निघून यिशुनच्या फाटकापर्यंत जायची. अठरा घरं, अठरा सकाळी. सुरुवातीला यिशुनला जायचं म्हणजे MRT नं, म्हणजे तिथल्या लोकलनं, रॅफल्स प्लेसवरून उलटा वळसा. फेब्रुवारीत वुडलंड्सवरून नवी लाइन जोडली गेली, तर जेवढी घरं झाली होती तेवढी बाईंनी परत पहिल्यापासून मोजली! मग प्रत्येकाच्या टेबलावर चिठ्ठी. ‘तुमच्या दारापासून बावन्न मिनिटं. जुरॉंग ईस्टला गाडी बदलताना जिना चढावा लागतो, म्हणून क्लेमेंटीहून सव्वासहाला शाळेची बस ठेवली आहे.’ ज्यांची पोरं तान्ही, त्यांच्यासाठी तळमजल्यावर एक खोली आणि एक आया. हे सगळं कोणी मागायच्या आत.

स्मिताबाईंनी आपली चिठ्ठी वाचून विचारलं, “लिफ्ट थांबते ते धरून बावन्न?”

“धरून,” विनीताबाई म्हणाल्या. “तुमच्या ब्लॉकची लिफ्ट चौथ्या मजल्यावर फार वेळ थांबते.”

स्मिताबाईंनी चिठ्ठी घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली, कचऱ्यात टाकली नाही. बाबाजीनं बघितलं ते.

मग लागली नवी यादी. कामं आधी, नावं पुढं. ‘पहिली घंटा ते प्रार्थना, फाटक: अमुक आणि तमुक.’ ‘लायब्ररी लावणं: अमुक आणि तमुक.’ ‘आग लागली तर पुढचं दार: अमुक आणि तमुक.’ आणि प्रत्येक कामाला दोन नावं, तीही एकाच टेबलावर बसणाऱ्यांची, एक सकाळचं आणि एक दुपारचं. दर शनिवारी त्या जोडीनं यिशुनला जायचं, खोल्या बघायच्या, कपाट कुठं येणार तिथं फरशीवर खडूनं रेघ मारायची. वर नियम एकच. पहिला महिना कोणी एकटा वर्गावर उभा राहणार नाही. समोरचा ‘दिसायला लागलं’ म्हणेपर्यंत जोडीदार हलणार नाही.

पहिल्या शनिवारी काय मजा! नऊ वर्षं चिठ्ठ्या लिहिणारी माणसं पहिल्यांदा समोरासमोर. कोणी कोणाकडं बघेना. श्रीनिवास सर म्हणजे सहा फुटी माणूस, मिशीवाला, आणि स्मिताबाई त्यांच्या कोपराला लागणाऱ्या.

“आपणच का डस्टर?” सर म्हणाले.

“आपणच का कूट?” बाई म्हणाल्या.

“कुटाबद्दल माझी तक्रार नव्हती, बाई. मला वास यायचा आणि भूक लागायची. पहिल्या तासाला, सात वाजता.”

“मग तसं लिहायचं ना! एक पुडी ठेवली असती.”

पुढच्या शनिवारी पुडी आली. तिसऱ्या शनिवारी सगळी पुरणपोळीच. मार्च अर्धा झाला तोवर नऊ जणांचं ते पत्र बाईंच्या फाइलमधून नाहीसं झालं होतं. स्मिताबाईंनीच येऊन मागितलं, फाडलं, आणि म्हणाल्या, “यातलं टाइपिंग वाईट होतं, राहू दे.” तमिळ, पंजाबी, मल्याळी, सगळे शिक्षक जिन्यात भेटले की एकमेकांना मराठीतून विचारायचे, “दिसायला लागलं?” पोरांना वाटायचं मोतीबिंदूची साथ आलीय.

अठरा भरले. राहिला एक.

बाबाजी ट्रकांची व्यवस्था करत होता, बाकांना नंबर टाकत होता, इतरांना धीर देत होता, आणि स्वतःच्या बाबतीत मिठाची गुळणी धरून बसला होता. बाईंनीही एकदा म्हणून विचारलं नाही. ते त्याला जास्त टोचायचं. विचारलं असतं तर निदान नाही म्हणता आलं असतं.

एका शनिवारी बाकीचे वर होते आणि तो तळमजल्यावर त्या पॅनेलसमोर एकटाच उभा होता. वहीत एकेक अक्षर बघून काढत होता, पोरं चित्र काढतात तसं. मागून स्मिताबाई आल्या. त्यानं वही पाठीमागं लपवली.

“चष्मा विसरलो आज,” तो म्हणाला.

“तो तुमच्या नाकावर आहे, बाबाजी.”

खलास. तेहतीस वर्षं आणि वर नऊ वर्षं सांभाळलेलं गुपित एका वाक्यात गेलं. बाबाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “बाई, कोणाला बोलू नका. मी एकतीसला जाणार आहे गावाला. माझ्यानं हे व्हायचं नाही.”

“आणि विनीताबाईंचा राजीनामा?”

“म्हणून तर चोरून शिकायला आलो होतो. डोक्यात नाही शिरत. वय झालं.”

स्मिताबाईंनी वही ओढून घेतली, बघितली. “अक्षर चांगलं आहे तुमचं. वाचून न समजणारी पोरं मी वर्षाला तीस बघते. ओठ हलवतात आणि शेजारच्याकडं बघतात. तुम्ही चहा देताना नोटीस बोर्डासमोर तसंच करायचात. मला पहिल्या वर्षीच कळलं होतं.”

“आणि बोलला नाहीत?”

“तुम्ही विचारलं नाहीत. ते जाऊ दे. या कपाटावर कामाचे शब्द किती आहेत? सहा. फायर, फॉल्ट, झोन, सायलेन्स, रीसेट, पॉवर. पहिलीच्या पोरांना मी आठवड्याला वीस शिकवते, तीही नाक पुसत पुसत.”

तेवढ्यात श्रीनिवास सर जिना उतरून आले. बाईंनी हाक मारली, “सर, या. आपलं काम आहे इथं.” आणि भिंतीवरची यादी दाखवली. बाबाजीनं ती यादी स्वतःच्या हातानं चिकटवली होती, पण इंग्रजीत म्हणून वाचलीच नव्हती. बाईंनी वाचून दाखवली. ‘अलार्म पॅनेल: बाबाजी. सोबत: स्मिता, श्रीनिवास.’ तारीख फेब्रुवारीची.

म्हणजे विनीताबाईंनाही ठाऊक होतं, आणि तिनं ना उपदेश केला ना चारचौघांत विचारलं. फक्त दोन माणसं शेजारी उभी करून ठेवली. बाबाजीनं खिशातून रुमाल काढला. तो नाक शिंकरत म्हणाला, “धूळ फार आहे इथं.”

मग शिकवणी सुरू झाली, आणि गुरुजींचीच भांडणं. सर म्हणायचे, “आधी सर्किट समजलं पाहिजे. वायर कुठून कुठं जाते?” बाई म्हणायच्या, “वायर राहू द्या, आधी एफ!” सर म्हणायचे, “तुम्ही पाठांतर करवून घेताय!” बाई म्हणायच्या, “आणि तुम्ही त्याला विजेचा झटका देणार!” शेवटी बाबाजी ओरडला, “अरे, एक कोणीतरी बोला! दोन कॅप्टन असले की बोट खडकावरच जाते!” मग ठरलं, अर्धा तास बाईंचा, अर्धा तास सरांचा. बाई शब्द लिहून द्यायच्या, घरी गिरवायला बाकीची इंग्रजी अक्षरंही, आणि सर दिवा पेटवून दाखवायचे. बाबाजी शब्दावर बोट ठेवायचा आणि मोठ्यानं म्हणायचा. पहिल्या दिवशी ‘फॉल्ट’ आणि ‘फायर’ची अदलाबदल तीन वेळा. दुसऱ्या शनिवारी एकदा. कंपनीचा माणूस टेस्टला आला तेव्हा बाबाजीचा सदरा पाठीला चिकटला होता, पण सहाही शब्द बरोबर आले. माणूस म्हणाला, “कॅन, कॅन. गुड, अंकल.” म्हणजे जमलं, पास. आणि गेला.

एकोणतीस मार्चला बाबाजी विनीताबाईंच्या ऑफिसात डोकावला.

“बाई, शेवटच्या ट्रकात माझी ट्रंकपण टाकली आहे. तेवढी मोजून घ्या तिकडं.”

बाई उठल्या नाहीत, हसल्याही नाहीत. खिडकीकडं तोंड वळवलं. मग म्हणाल्या, “चहा करा हो जरा. दोन कप. साखर तुमच्याच हिशेबानं.”

एक एप्रिल, सोमवार. सहाशेचाळीस पोरं, त्यांचे आईबाप, कमिटी, फुलांच्या माळा. नव्या हॉलमध्ये दीप लावायचा, नारळ फोडायचा आणि मग वर्ग सुरू करायचे. बाईंनी साहेबांसमोर नावं घेतली. अठरा शिक्षक एकेक करून उभे राहिले आणि एकोणिसावा दाराशी, इस्त्रीचा सदरा घालून. शैलेंद्र साहेबांनी बोटांनी मोजले. परत मोजले.

शैलेंद्र साहेबांच्या बायकोनं मोठ्या हौसेनं घरून धुपाटणं आणलं होतं. नव्या वास्तूत दृष्ट लागू नये म्हणून निखाऱ्यांवर मूठभर धूप घातला, वर कापूर. आपल्याकडं जुन्या हवेशीर इमारतींत हे चालतं हो. इथं हॉल बंद, वर एसी, आणि छताला धुराचा वास घेणाऱ्या वाट्या लावलेल्या. पांढरा लोट वर गेला, एका वाटीला भिडला, आणि सबंध इमारत बोंब मारून उठली.

काय तो आवाज! आईबाप उठून उभे राहिले, दोन-चार लहानगी रडायला लागली. बाबाजी पॅनेलकडं धावला, गुडघ्यांसकट. कपाट उघडलं. लाल दिवे लुकलुकत होते. वळून बघितलं तर स्मिताबाई हॉलच्या पार त्या टोकाला, अठ्ठावीस पोरांना रांगेत लावत होत्या. श्रीनिवास सर मागच्या दाराला. दोघांनीही त्याच्याकडं बघितलं आणि दोघंही जागचे हलले नाहीत. त्यांची पोरं त्यांच्या हाती होती. पॅनेल त्याच्या हाती होतं.

बाबाजीनं पहिल्या दिव्याखाली बोट ठेवलं. मोठ्यानं म्हणाला, “फायर.” दुसऱ्याखाली. “झोन. टू.” झोन दोन म्हणजे हॉल. वरचे मजले, किचन, सगळं ठीक. तो परत दाराशी आला आणि बोटीवरचा आवाज काढला, जो नऊ वर्षं कोणी ऐकला नव्हता.

“बाई! फक्त हॉल! आग नाय, धूर! पण यादीपरमाणं सगळे बाहेर!”

विनीताबाईंना काही सांगावंच लागलं नाही. दारं आधीच उघडली होती. ज्याच्याकडं पुढचं दार तो पुढच्या दाराला, जिच्याकडं रडणारी पोरं ती खाली बसून त्यांचे हात एकमेकांच्या हातात देत होती. चैत्रालीनं पालकांची रांग वळवली, आणि तिच्या जोडीची सीनियर बाई तिच्या मागं उभी राहून नुसती मान हलवत होती. कोणी पळालं नाही, कोणी कोणाला विचारलं नाही. मैदानात पोरं वर्गवार उभी राहिली, मोजणी झाली, आणि श्रीनिवास सरांनी घड्याळ बघून जाहीर केलं, “चार मिनिटं दहा सेकंद!” सहाशेचाळीस पोरांनी अशी टाळी वाजवली, की समोरच्या ब्लॉकमधली माणसं गॅलरीत आली.

शैलेंद्र साहेब कपाळ पुसत म्हणाले, “विनीताबाई, आजच प्रॅक्टिस ठेवायची होती तर आम्हाला सांगायचं ना! पण मानलं हं. काय तयारी!”

“प्रॅक्टिस नव्हती, साहेब,” बाई म्हणाल्या. “वहिनींचा धूप जरा जास्त झाला.”

साहेबांनी बायकोकडं बघितलं. बायकोनं आभाळाकडं.

अलार्मची तार थेट फायर स्टेशनला जोडलेली, त्यामुळं तोवर लाल गाडी फाटकातून आत आली. हेल्मेट घातलेले सहा जण उतरले, हॉल बघितला, धुपाटणं बघितलं, आणि त्यांच्यातला साहेब हसू दाबत बाहेर आला. “ओके, ओके. पॅनेल कोणाकडं? इन-चार्ज कोण?”

कोणी नाव घेतलं नाही. अठरा शिक्षकांनी एकदम बाबाजीकडं हात केले.

“मी, सर,” बाबाजी पुढं झाला. दोघं पॅनेलकडं गेले. फायरवाल्यानं मान हलवल्यावर बाबाजीनं सायलेन्स दाबलं, मग रीसेट, आणि दिवे हिरवे झाले. बाहेर परत टाळ्या.

मग फायरवाल्या साहेबानं क्लिपबोर्डावर एक फॉर्म पुढं केला, पेन दिलं, आणि खाली बोट दाखवलं. “साइन हिअर, अंकल.”

इतकी वर्षं बाबाजीनं कागद न बघताच सह्या केल्या होत्या. पगारावर, पासावर, बोटीच्या करारावर. जिथं बोट दाखवतील तिथं. आज त्यानं पेन घेतलं, आणि सही केली नाही. चष्मा सारखा केला. फॉर्मच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागला. एकेक अक्षर, ओठ हलवत, लाज न बाळगता. मागं फायर इंजिन घरघरत होतं, त्यावरचे बाकीचे पाच जण प्रसादाच्या शिऱ्याच्या वाट्या हातात घेऊन उभे होते, शैलेंद्र साहेबांनी एकदा घड्याळाकडं बघितलं आणि विनीताबाईंनी साहेबांकडं बघितलं तसा हात खाली घेतला. कोणी घाई केली नाही. अर्ध्यावर बाबाजी अडला.

“स्मिताबाई,” त्यानं वर न बघताच हाक मारली, “हे ‘ऑक्यु’ का काय आहे हो?”

“ऑक्युपंट्स. आत असलेली माणसं.”

“हां. आणि इथं आकडा टाकायचा?”

“टाका.”

बाबाजीनं वळून मैदानाकडं बघितलं, आणि पोरांचा, पालकांचा, कमिटीचा आकडा विनीताबाईंना विचारून घेतला. “शिक्षक?” विनीताबाईंनी विचारलं, “ते मोजलेत ना?”

“ते मला ठाऊक आहेत,” बाबाजी म्हणाला, आणि बेरीज करून आकडा लिहिला, आणि मग खाली दाबून सही केली.